पहिली जपानी सुरी घेताना: निवड, खरेदी, प्रवास आणि धार

मी ओसाकात राहते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या खरेदीच्या यादीत हल्ली जपानी सुरी हमखास असते, आणि दुकानात पाऊल टाकल्यावर गोंधळही हमखास उडतो. भिंतभर सुऱ्या, प्रत्येकीच्या पात्यावर न वाचता येणारी अक्षरं, किमती तीन हजार येनांपासून लाखाच्या पुढे. दुकानदार मात्र शांतपणे एकच विचारतो, "काय कापणार?" या प्रश्नाचं उत्तर घरूनच ठरवून आलात तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सोपं व्हावं म्हणून हा लेख लिहिते आहे.

इथे मी फक्त लोहारानं भट्टीत तापवून, घणाखाली घडवलेल्या सुरीबद्दल लिहिते आहे. पत्र्यातून कापून काढलेल्या कारखान्याच्या सुऱ्याही चांगल्या असतात, पण त्या घेताना एवढा विचार करावा लागत नाही.

१. आधी आपलं स्वयंपाकघर बघा

घरी रोज काय चिरलं जातं? मेथी, कोबी, कांदा, गवार असा कारभार असेल तर नाकिरी घ्या. तिचं पातं आयताकृती आणि धार जवळजवळ सरळ असते. पात्याची सगळी लांबी फळीला टेकत असल्यानं पालेभाजी अर्धवट चिरून लोंबत राहत नाही. साधारण १६५ मिलिमीटर लांबी घराला पुरते.

भाजीबरोबर चिकन आणि साफ केलेले माशाचे तुकडेही होत असतील तर सांतोकू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरांमध्ये हीच रुळली. १६५ ते १८० मिलिमीटर लांब, पुढून किंचित गोलावलेली. पहिली सुरी कोणती, असं कोणी डोळे मिटून विचारलं तर मी सांतोकूच सांगते.

ग्यूतो ही मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मांसाहाराची चाल रुळत गेली तेव्हा पाश्चात्त्य सुरीवरून आलेली. २१० मिलिमीटरची ग्यूतो हातात फार छान चालते, पण आपल्या ओट्यावर तेवढी फळी मावते का ते बघून या. पेटी म्हणजे छोटी, १२० ते १५० मिलिमीटरची. फळांना आणि लसणीला उत्तम, पण एकटी पुरत नाही.

दुकानात सगळ्यात देखणी दिसते ती यानागिबा, साशिमीची लांब सुरी. देबा मासे फोडायला, उसुबा व्यावसायिक आचाऱ्याची भाजीची. या तिन्हींना धार एकाच बाजूनं असते. सवय नसेल तर अशी सुरी काप घेताना एका अंगाला सरकते, तिला धार लावायची पद्धत वेगळी, आणि डावखुऱ्यांसाठी ती वेगळी घडवावी लागते म्हणून महागही पडते. पहिली सुरी म्हणून यातली एकही घेऊ नका.

आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. नारळ फोडणं, मटणाची नळी, फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा मासा, सुरण, फणस, लाल भोपळ्याचं कवच ही कामं या सुरीची नाहीत. त्यासाठी कोयता आणि विळी घरात राहू द्या.

२. पोलाद ठरवा

जपानी सुरीचं पोलाद कडक असतं. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर नेहमीच्या जर्मन सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास, तर घडवलेल्या जपानी सुऱ्या साधारण ६० ते ६४. कडक पोलादाला बारीक धार येते आणि ती टिकते. पण तेच पोलाद ठिसूळही असतं. हाडावर आपटलं किंवा पात्याला पीळ दिला की धारेला खांडा पडतो.

नावं पुष्कळ ऐकाल. व्यवहारात प्रश्न एकच, गंजणारं की न गंजणारं.

गंजणाऱ्यांत शिरोगामी आणि आओगामी ही दोन मुख्य. दोन्ही शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यातून येतात. पूर्वी हिताची मेटल्स नावाची असलेली ही कंपनी २०२३ पासून प्रोटेरियल झाली. पोलाद कोणत्या रंगाच्या कागदात गुंडाळून येई, पांढऱ्या की निळ्या, त्यावरून ही नावं पडली. शिरोगामी जवळजवळ शुद्ध कार्बन पोलाद आहे: क्रमांक २ मध्ये कार्बन सुमारे १.०५ ते १.१५ टक्के. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, ते भराभर धारेला येतं. आओगामीत टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेलं असतं, त्यामुळे धार जास्त दिवस टिकते, पण पुन्हा लावायला थोडे जास्त श्रम पडतात. गंजतात मात्र दोन्ही.

न गंजणाऱ्यांत गिनसान आणि व्हीजी-१०. व्हीजी-१० हे फुकुई प्रांतातल्या ताकेफूचं पोलाद. गिनसान धार लावताना कार्बन पोलादाच्या जवळ जातं, म्हणून बरेच लोहार ते पसंत करतात.

माझं मत स्पष्ट आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल, किंवा घरात सुरी चार जणांच्या हाती पडत असेल, तर गिनसान किंवा व्हीजी-१० घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत ओली राहिलेली शिरोगामी तासाभरात तांबूस ठिपके दाखवते. सुरी एकट्या तुमच्याच हातात राहणार असेल आणि धार लावायला शिकायचं असेल, तर शिरोगामी क्रमांक २ सारखा गुरू नाही. मधली वाटही आहे: आत कार्बन पोलाद आणि दोन्ही बाजूंनी स्टेनलेसचं आवरण. उघडी राहते ती फक्त धारेची बारीक पट्टी, पुसायची तेवढीच.

३. सुरी कुणाच्या हातून येते ते समजून घ्या

हा भाग वगळू नका. दुकानात योग्य प्रश्न विचारता येतात ते यामुळेच.

ओसाकाच्या दक्षिणेला साकाई शहर आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत तंबाखू आणि बंदुका जपानात आल्या. साकाईचे कारागीर आधी बंदुका घडवू लागले, मग तंबाखूची पानं बारीक चिरायच्या सुऱ्या. या सुऱ्या इतक्या चांगल्या निघाल्या की तोकुगावा राजवटीनं त्यांवर दर्जाची खास मोहोर उमटवायला परवानगी दिली आणि त्या देशभर विकल्या गेल्या. १९८२ साली साकाईच्या घडीव सुऱ्यांना सरकारनं पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. आज व्यावसायिक आचाऱ्यांच्या सुऱ्यांमध्ये साकाईचंच नाव पुढे असतं.

साकाईची खरी ओळख म्हणजे कामाची वाटणी. लोहार पातं घडवतो, धार काढणारा ते घासून धारेला आणतो, तिसरा कारागीर मूठ बसवतो. बहुतेक वेळा तिघांच्या जागा वेगळ्या. एक जण तिन्ही कामं करत नाही, कारण एकेक काम हाती बसायलाच वर्षं जातात.

लोहाराचं काम असं चालतं. मऊ लोखंडाच्या पट्टीवर सुहाग्याची पूड टाकून कडक पोलादाचा तुकडा ठेवतात, भट्टीत तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. मऊ लोखंड आघात झेलतं, पोलाद धार देतं. पातं आकाराला आलं की त्यावर पातळ मातीचा लेप देऊन वाळवतात, पुन्हा सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. पाणी देण्याचा हा क्षण सगळ्यात नाजूक. त्यासाठी कारखाना मुद्दाम अंधारा ठेवलेला असतो, कारण कित्येक जुने लोहार तापमान पात्याच्या रंगावरून ओळखतात. भट्टीजवळ नवखा माणूस उभा असेल तर त्याला फक्त लाल दिसतं. लोहाराला त्या लालीतल्या छटा दिसतात. यानंतर १५० ते २०० अंशांच्या आसपास पुन्हा हलकं तापवून पोलादाचा ठिसूळपणा कमी करतात.

धार काढणाऱ्याच्या खोलीत आवाज वेगळा असतो. भल्यामोठ्या दगडी चाकावर पाणी ठिबकत असतं, भिंती आणि कपडे राखाडी चिखलानं माखलेले. कारागीर पातं लाकडी पट्टीवर दाबून धरतो, घासतो, उचलून डोळ्यासमोर आडवं धरतो, धारेवरून नजर फिरवतो. काहीतरी खटकतं. बाजूच्या ओंडक्यावर पातं ठेवून हातोडीचे दोन हलके ठोके देतो, पुन्हा डोळ्यासमोर धरतो. मला कितीही निरखून तो वाक दिसत नाही. एका पात्यासाठी हे घासणं, उचलणं, ठोकणं पुन्हा पुन्हा चालतं. सुरी फळीवर सरळ बसते ती या हातांमुळे, आणि यांचं नाव पात्यावर बहुधा नसतंच.

साकाई एकटं नाही. फुकुईतल्या एचिझेनमध्ये १३३७ साली क्योतोहून आलेल्या तलवारी घडवणाऱ्या लोहारानं ही कला रुजवली, अशी परंपरा सांगतात. तिथल्या घडीव हत्यारांना १९७९ मध्येच सरकारी मान्यता मिळाली. तिथे दोन पाती एकावर एक ठेवून एकत्र ठोकतात, म्हणजे पातं पातळ होत असताना लवकर थंड होत नाही. १९९३ साली काही लोहारांनी मिळून उभारलेलं ताकेफू नाइफ व्हिलेज पाहुण्यांना खुलं आहे. वरच्या सज्जातून खाली चाललेलं काम दिसतं. नीगातातल्या सांजोची सुरुवात खिळे घडवण्यापासून झाली. गिफूतलं सेकी तलवारींसाठी नावाजलेलं, आज तिथे कारखान्यांचं काम जास्त. शिकोकूवरच्या तोसाची ओळख जंगलकामाच्या कुऱ्हाडी आणि कोयत्यांची. तिथल्या सुऱ्या रांगड्या, काळ्या पाठीच्या आणि किमतीला हलक्या. दिखाव्याशी देणंघेणं नसेल तर तोसा जरूर बघा.

१८७६ च्या फर्मानानं सामुराईंना तलवार बाळगून फिरायची बंदी झाली आणि तलवारी घडवणाऱ्या कितीतरी लोहारांना सुऱ्या, विळे, कात्र्यांकडे वळावं लागलं. तलवारीचा आणि सुरीचा एक धागा असाही आहे. दर ८ नोव्हेंबरला इथले लोहार भात्याचा सण पाळतात आणि भट्टी विझवून तिची पूजा करतात. सेकीत त्या दिवशी झिजून गेलेल्या सुऱ्यांचे आभार मानण्याचा विधीही होतो. खंडेनवमीला हत्यारं पुजणाऱ्या आपल्या लोकांना यात काही समजावून सांगावं लागत नाही.

४. दुकानात काय विचाराल, कशाला भुलणार नाही

ओसाकात असाल तर नाम्बाजवळची दोगुयासुजी ही स्वयंपाकाच्या सामानाची गल्ली, आणि वेळ असेल तर थेट साकाई. तेन्नोजीहून हांकाई ट्राम पकडा आणि म्योकोकुजी-माए थांब्यावर उतरा. जवळच साकाई देन्शोकान हे हस्तकलांचं दालन आहे. तिथे अनेक कारागिरांच्या सुऱ्या एका छताखाली बघता येतात. तोक्योत अशाच सामानाचा बाजार म्हणजे काप्पाबाशी, गिंझा मेट्रो मार्गावरच्या तावारामाची स्थानकापासून चालत जाता येतं. क्योतोत निशिकी बाजारातलं आरित्सुगू हे १५६० पासूनचं घराणं.

चार प्रश्न विचारा. दुकानात इंग्रजी नसेल तर फोनवरच्या भाषांतरानं काम भागतं.

- हे पोलाद कोणतं?
- पातं कोणी घडवलं आणि धार कोणी काढली?
- धार दोन्ही बाजूंनी सारखी आहे ना?
- पुढे कधी धार लावायला परत पाठवली तर घ्याल का?

दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे. साकाईत पात्यावर कोरलेलं नाव बहुधा दुकानाचं किंवा घाऊक विक्रेत्याचं असतं. त्यात लबाडी काही नाही, तो तिथला रिवाजच आहे. पण चांगला दुकानदार लोहाराचं आणि धार काढणाऱ्याचं नाव विचारताच सांगतो, बरेचदा कौतुकानं सांगतो. गावाचंही नाव सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात चला.

आता भुरळी. पहिली भुरळ लाटालाटांच्या नक्षीची, म्हणजे दमास्कस. नक्षी बाहेरच्या आवरणात असते; कापतं ते आतलं एकच पोलाद. सुंदर दिसते म्हणून घ्या, पण जास्त चांगली कापेल म्हणून जादा पैसे मोजू नका. कित्येक स्वस्त सुऱ्यांवर ही नक्षी नुसती वरवर छापलेली असते. दुसरी भुरळ "सामुराई तलवारीचं पोलाद" या शब्दांची. पारंपरिक भट्टीतलं तामाहागाने पोलाद मुख्यतः तलवारींसाठीच राखलेलं असतं. स्वयंपाकाच्या सुरीवर हा दावा दिसला की सावध व्हा. तिसरी, ऑनलाइन दिसणाऱ्या जपानी वाटणाऱ्या नावांची. वर्णनात "जपानी शैली" असेल आणि गावाचा पत्ता नसेल, तर ती सुरी जपानात घडलेलीच नाही असं समजा.

हातानं घडवलेली साधी, चांगली सांतोकू किंवा नाकिरी साधारण १५ ते ३० हजार येनांत मिळते. पहिल्या सुरीला त्यापुढे जायची गरज नाही. उरलेल्या पैशांत निसणा घ्या. तो नसेल तर सुरी घेण्यातच अर्थ नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

पात्यावर नाव कोरून देतात का, तेही विचारा. काही दुकानांत समोरच छिन्नीनं कोरून देतात. नाव कागदावर काताकाना लिपीत लिहून न्या.

५. कागदपत्रं आणि प्रवास

जपानात योग्य कारणाशिवाय ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी जवळ बाळगणं गुन्हा आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनांपर्यंत दंड. दुकानातून घरी किंवा हॉटेलवर नेणं हे योग्य कारणच आहे, पण सुरी बंद खोक्यात, पावतीसकट ठेवा. खोकं फोडून फोटो काढायचा मोह खोलीवर पोचेपर्यंत आवरा, आणि शक्य तर खरेदी प्रवासाच्या शेवटच्या दिवसांत करा.

सोबत हवं:

- मूळ पासपोर्ट (फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही)
- पावती, त्यावर स्वयंपाकाची सुरी असा उल्लेख
- मूळ खोकं, पात्यावर जाड पुठ्ठा किंवा लाकडी म्यान
- नोंदणीच्या सामानात बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांच्या घडीत ठेवायला जागा

सुरी केबिनमध्ये कधीच नेता येत नाही. विमानतळावर सुरक्षा तपासणीत सापडली की तिथेच सोडावी लागते, म्हणून चेक-इन करण्याआधी पाठीवरची पिशवी एकदा चाचपून बघा.

पर्यटकांना १० टक्के उपभोग करात सवलत मिळते. १ नोव्हेंबर २०२६ पासून तिची पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा, देश सोडताना कस्टम्सची खातरजमा करायची, मग परतावा मिळतो. अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतात, त्यामुळे सुरी असलेली बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी कस्टम्सचं काम उरका. जपानात नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या लोकांना ही सवलत लागू नाही. भारतात उतरल्यावर सुरीची किंमत बाकी खरेदीत धरून शुल्कमुक्त मर्यादेचा हिशोब करा. पावती तिथेही लागते.

६. घरी आल्यावर

फळी लाकडाची किंवा मऊ रबराची. काच, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं ताट यांवर एकदा जरी चिरलंत तरी धार बसते. बांबूची फळी दिसते लाकडासारखी, पण कडक असते.

चिरलेली भाजी फळीवरून कढईत लोटताना धारेनं खरवडू नका. सुरी उलटी करून पाठीनं लोटा. आपल्याकडे सगळ्यात जास्त धारा याच सवयीनं जातात.

कार्बन पोलाद असेल तर लिंबू, कैरी, चिंच, टोमॅटो चिरल्यावर लगेच पुसा. पहिले काही दिवस कांदा थोडा काळसर होईल, वासही येईल. मग पात्यावर निळसर-करडा थर धरतो आणि लोखंडी तवा मुरतो तसं पातं मुरतं. हा थर घासून काढू नका. लाल-तांबूस डाग मात्र गंजाचे; ते भांड्याच्या सौम्य पावडरीनं आणि बुचानं काढा.

धुणं हातानंच, गरम पाण्यानं, मग लगेच कोरडं पुसायचं. सिंकमध्ये भिजत ठेवू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका. बरेच दिवस वापर नसेल तर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. इथे कॅमेलियाचं तेल वापरतात. भारतात खाद्यदर्जाचं मिनरल ऑइल चालतं. सूर्यफुलाचं किंवा जवसाचं तेल चिकट होतं. आणि कार्बन पोलादाची सुरी लाकडी म्यानात ओली घालू नका, आतून गंजते.

७. धार लावायला शिका

लागणारं साहित्य: १००० क्रमांकाचा निसणा (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक), जमलं तर पुढचा ३००० ते ६०००, दगड सपाट करायचा दगड, ओलं फडकं, पाणी. किंगचा १०००/६००० दुहेरी दगड सुरुवातीला उत्तम. तो १०-१५ मिनिटं पाण्यात भिजवावा लागतो; शॅप्टनच्या काही दगडांवर नुसतं पाणी शिंपडलं की पुरतं.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. सुरी दगडावर तिरकी ठेवा आणि पाठ करंगळीच्या जाडीइतकी उचला. सांतोकूच्या रुंदीला हा कोन साधारण १५ अंशांचा होतो. डाव्या हाताची दोन बोटं धारेजवळ टेकवा. दाब फक्त एका दिशेला, परत येताना हात हलका. जिथे बोटं तिथेच पातं घासलं जातं, म्हणून टोकापासून मुठीपर्यंत बोटं सरकवत जा. दगडावर जमणारा राखाडी चिखल धुऊ नका, तोच काम करतो.

थांबायचं कधी? अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेनं अलगद ओढा. न घासलेल्या बाजूला खरखरीत कंगोरा लागेल. टोकापासून मुठीपर्यंत तो सलग लागला की बाजू बदला. कुठे लागला नाही तर त्या जागी धार अजून पोचलेली नाही. दुसऱ्या बाजूनंही कंगोरा आला की हलक्या हातानं दोन्हीकडून आळीपाळीनं फिरवून तो काढून टाका, मग बारीक दगड. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी न दाबता, नुसती ओढून बघा. साल कापलं गेलं तर झालं.

कोन सतत बदलणं हीच नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण असते. धारेच्या कडेला मार्करनं रेघ ओढा. शाई कुठून पुसली जाते त्यावरून कोन चुकतोय का ते कळतं. आणि दगड मध्ये खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत तो सपाट दगडावर घासा. घरच्या वापराला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा धार लावली की भागतं.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी देऊ नका. कोरड्या चाकाच्या उष्णतेनं धारेचं पाणी उतरतं आणि कडकपणा गेलेलं पोलाद पुन्हा धार धरत नाही. ओढून धार लावायची यंत्रं आणि सळ्यांचे धारदांडेही टाळा. कडक पोलादाचे बारीक कण त्यांनी तुटतात.

बारीक खांडा पडला असेल तर ४०० क्रमांकाच्या दगडावर घरी निघतो. मोठा पडला किंवा टोक मोडलं तर सुरी वापरायची थांबवा आणि ज्या दुकानातून घेतलीत त्यांना फोटो पाठवून विचारा. शहरात पाण्याच्या चाकावर काम करणारा कारागीर सापडला तर तोही चालेल. द्यायच्या आधी एवढंच विचारा की घासताना पातं सतत ओलं राहतं का.